चेन्नईच्या उकाड्यात वाकळ

शिलाईशी माझा संबंध पोटापाण्याचा. चेन्नईबाहेर ओरगडमजवळच्या एका कारखान्यात ट्रकच्या सीटांची कव्हरं शिवतात, तिथं मी तपासनीस आहे. इंचात टाके किती, दोरा ताणलाय किती, कोपऱ्यावर शिवण पक्की केली आहे की नाही, हे बघायचं. पसंत पडलं नाही तर लाल पट्टी चिकटवून माल परत. सोळा वर्षं हेच करत आलो, पण स्वतःच्या हातानं शर्टाचं बटण कधी लावलं नव्हतं. तशी वेळच आली नाही.

एका मंगळवारी कंपनीच्या बसमधून उतरताना पायाच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. बुधवारी चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. शुक्रवारी सकाळी कॉफीचा पेला उचलायला गेलो तर बोटं मिटेनात. बायकोनं पेला माझ्यापुढून उचलला, माझ्याकडे बघितलं आणि ती शिकवते त्या शाळेला फोन करून सांगितलं की आज ती येत नाही. दुपारी मी इस्पितळात होतो आणि रविवारी श्वासासाठी नळी लावलेली होती.

रोगाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की शरीर कधीकधी चुकून आपल्याच नसांवर हल्ला करतं. हल्ला थांबतो, नसा पुन्हा वाढतात, पण फार हळू. किती वाढतील आणि कुठपर्यंत, ते आधी सांगता येत नाही. पाच आठवड्यांनी मला घरी सोडलं. वेस्ट मांबलमचं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौघांनी मला खुर्चीत बसवून वर आणलं.

घर तसं सासूबाईंचं. बायकोचं माहेर तंजावरच्या मराठी लोकांतलं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. मी साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, मराठीच माणसं आहेत, आईला अडचण येणार नाही. पण आईला त्यांची मराठी पोथीतल्यासारखी वाटली आणि त्यांना आईची मराठी भांडल्यासारखी वाटली. लग्नानंतर आई एकदाच चेन्नईला आली होती. काय बिनसलं ते मला नीट कळलं नाही. चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली, एवढंच कळलं. मग वडील गेले आणि आई गावी एकटीच राहू लागली.

माझ्या आजाराचं बायकोनं तिला आठ दिवसांनी कळवलं, नळी निघाली तेव्हा. नंतर फोनवर रोज बोलणं होत होतं. मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आई सोलापूरहून रेल्वेत बसून एकटी आली. हातात कपड्यांची पिशवी आणि डोक्यावर दोरीनं बांधलेलं एक गाठोडं. दारातच तिनं बायकोला विचारलं, "आठ दिस का कळवलं न्हाई?"

"तुम्ही एकट्या घाबराल म्हणून, आई."

"एकटी हाय म्हणूनच कळवायचं अस्तंय."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पलंगावर उताणा पडलेलो. मला नीट कूसही बदलता येत नव्हती, मग मध्ये पडणार कसा?

गाठोड्यात वाकळ निघाली. पुणे-मुंबईकडे गोधडी म्हणतात ती. वडिलांची धोतरं, आईची लुगडी, माझ्या शाळेच्या चड्ड्यांची ठिगळं. सासूबाईंनी हात लावून बघितलं आणि त्यांचा चेहरा चिंतातुर झाला. "इतकी जाड पोर्वै? ह्या उकाड्यांत? जांवई शिजून जातील."

पोर्वै म्हणजे तमिळमध्ये पांघरूण. त्यांच्या मराठीत गोधडीला शब्दच नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तंजावरला थंडी पडत नाही, मग शब्द कशाला टिकेल, असं मी मनात म्हटलं. पुढं कितीतरी दिवस मी याच गोष्टीचा विचार करत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो चादरीचा. पंख्याच्या वाऱ्यानं चादर जराशी हलली की पायांवर कुणीतरी मिरची चोळतंय असं वाटायचं. चादर काढली तर वारा लागून तेच. नसा वाढताना असं होतं म्हणे. आईला मी हे सांगितलं तर तिनं काहीही न विचारता वाकळ उलगडली आणि माझ्या पायांवर टाकली. मी ओरडायच्या तयारीत होतो. पण वाकळ जिथं पडली तिथंच राहिली, हलली नाही. तिचं वजन पायांवर सारखं बसलं आणि थोड्या वेळानं ती आग जरा मागं सरली. घाम आला, चिक्कार आला. पण घामाचं काय, तो पुसता येतो.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "काही पेशंटना वजनानं बरं वाटतं सर, काहींना अजिबात सहन होत नाही. तुम्हाला बरं वाटतंय ना, मग राहू द्या." माझं समाधान झालं नाही. वजन म्हणजे किती? मी बायकोला वजनकाट्यावर आधी नुसतं उभं केलं, मग वाकळ घेऊन. साडेचार किलो भरली. काट्यावरून उतरताना बायको हसली. आजारपण सुरू झाल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आता वाकळ चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि डोळे माझे तपासनिसाचे. टाके कुठं लांब, कुठं आखूड. इंचाला कुठं तीन, कुठं पाच. ओळी कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत आत गेलेल्या. आमच्या मशीनवर वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. इथं एकच दोरा खाली जातो, वर येतो, कशातच अडकत नाही. मग इतकी वर्षं हे टिकलं कसं?

"आई, कडेपासूनच का शिवतात? मधून का नाही?"

"मधनं शिवलं तर कापड कडंला पळतं. मग कडंला बोचकं हुतं."

"आणि या चुण्या? दोरा जास्त ओढतेस का?"

"वढायचा. पर कापड रडाया नको."

हे माप मला कुठल्याही तक्त्यात सापडलं नसतं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. डाव्या बाजूला चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता, तिथले टाके फार बारीक आणि घट्ट, दोरा इतका ओढलेला की कापड गोळा झालेलं. बाकी कुठंच तसं नव्हतं. दोन दिवस मी अंदाज बांधत होतो. हे वडिलांच्या दुखण्यातलं असेल, किंवा मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हाचं. शेवटी धीर करून विचारलं. आईनं त्या जागेवरून हात फिरवला, जरा आठवलं.

"तवा दाढ दुखत हुती," ती म्हणाली.

आईला रिकामं बसणं जमेना. स्वयंपाकघर सासूबाईंचं, तिथं तिला हात घालू द्यायच्या नाहीत. त्या तिला तमिळ रिवाजानं "संबंधी" म्हणत, म्हणजे विहीण, पण आईला ते कोर्टातल्या कागदासारखं ऐकू यायचं. एक दिवस तिनं ठरवलं, नवी वाकळ घालायची. बायकोनं जुन्या सुती साड्या काढून दिल्या. हॉलमध्ये सतरंजीवर थर मांडले गेले. पलंगावरून दारातून मला सगळं दिसायचं.

"विहीणबाई," आई सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या मालकांचं एकादं जुनं धोतार असंल तर द्या. मधी मऊ कापड लागतंय."

सासूबाई ताठ झाल्या. "गेलेल्या मनुष्याचें वस्त्र दुखणाईतावर घालायचें? आमच्यांत तसें करत नाहींत."

"मग आत्ता त्याच्या अंगावर काय हाय? माझ्या मालकाची धोतरंच हायती की."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या अंगावरच्या वाकळीकडे. मग आत निघून गेल्या. दोन दिवस दोघींचं बोलणं बंद. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मात्र मोठा होत गेला. बायको शाळेतून येऊन आधी माझ्या खोलीत डोकावायची आणि खुणेनंच विचारायची, अजून? मी मानेनं सांगायचो, अजून.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळातून आल्यावर सासूबाईंनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. त्यांनी एक पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, आणून आईपुढं ठेवली, घडीवर घडी, हिरव्या काठाची.

"हे शाळेंत शिकवायला नेसून जायचे, ती ही," त्या म्हणाल्या. "काठ कापूं नका."

आईनं वेष्टी उलगडली, उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं. "कशाला कापायचा? आत घालायचीच न्हाई. वर ठिवू. दिसू दे."

तेव्हापासून सासूबाई त्या वाकळीच्या झाल्या. आईचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. सासूबाईंची नजर साफ. रोज सकाळी त्या वीस सुया ओवून एका जुन्या उशीत खोचून ठेवायच्या. दिवसभर आई त्या एकेक करून वापरायची. संध्याकाळी सासूबाई येऊन बघायच्या आणि विचारायच्या, "आज कुठपर्यंत आलांत संबंधी?"

मला रोज बोटांचा व्यायाम होता. एका वाटीतले राजम्याचे दाणे चिमटीनं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, मग हरभरे, मग मूग. मुगापाशी मी अडकलो आणि मनापासून कंटाळलो. व्यायामाच्या मुलीला मी विचारलं, राजमा नको, सुई चालेल का? तिनं मान तिरकी करून विचार केला. "टोचून घेतलंत तर कळेल का तुम्हाला?"

"कळेल."

"मग चालेल. टोचलेलं कळतंय हीसुद्धा प्रगतीच."

पहिला आठवडा सुई नुसतीच पडत होती. आई माझ्या मांडीवर वाकळीची कड धरून बसायची, मी चिमूट करायचो, सुई घसरून पलंगाखाली जायची. सासूबाईंनी सुईच्या मागच्या भागाला सुती चिंधीचा पट्टा गुंडाळून जाड केला. मग ती बोटात राहायला लागली, पण कापडात जाईना. इतके थर पार करायला जोर लागतो, हे मला कधी कळलंच नव्हतं. कारखान्यात मोटर जोर लावते, तो कुणाला लागतोय हे बघायचं कारण पडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुई आत गेली, खालून आईनं तिचं टोक मला दाखवलं, आणि मी ती परत वर आणली. एक टाका. पाव तास लागला असेल. बोटाच्या पेराएवढा लांब, वाकडा आणि ढिला.

"उसव," मी म्हटलं. "माझ्याकडं असा माल आला असता तर मी लाल पट्टी लावली असती."

"ह्यो काय माल हाय व्हय?" आई म्हणाली. "फुडला घे."

मी पुढचा घेतला. त्या दिवशी चार झाले. संध्याकाळी बायको आली तेव्हा सासूबाईंनी तिला हात धरून आणलं आणि ते चार टाके दाखवले. बायकोनं वाकून ते नीट बघितले, फूटपट्टी लावावी तसं बोट लावून बघितलं, आणि म्हणाली, "इंचाला एक."

हात येत होते, पण डावा पाय हलत नव्हता. त्याची तपासणी झाली होती आणि रिपोर्ट घ्यायला बायको एकटीच गेली. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होत्या, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती इस्पितळात जाऊन आली. दुपारी दोनच्या सुमाराला दार उघडून आत आली, पर्स खांद्यालाच, आणि हॉलमध्ये पसरलेल्या वाकळीच्या कडेला भिंतीला टेकून बसली. आईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"पाय कदाचित पूर्ण येणार नाही, म्हणाले. सहा महिने बघू, म्हणाले."

मी आतून ऐकलं. मला वाटत होतं आपल्याला जास्त काहीतरी वाटेल, पण खरं सांगायचं तर मी बायकोकडेच बघत होतो. ती बसल्या जागी हळूहळू कलली आणि अर्धवट शिवलेल्या वाकळीवर आडवी झाली. दोन मिनिटांत तिला झोप लागली. इतक्या महिन्यांत तिला दिवसा झोपलेलं मी बघितलं नव्हतं.

आईनं वाकळीची मोकळी बाजू उचलली आणि तिच्या अंगावर घातली. मग तिचा हात मध्येच थांबला. सुया! त्या दिवशी तिनं सोयीसाठी सगळ्या सुया उशीतून काढून वाकळीतच ठिकठिकाणी खोचून ठेवल्या होत्या.

तिनं सासूबाईंना हातानं बोलावलं. दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि बायकोला जाग येऊ न देता वाकळ चाचपायला लागल्या. आई बोटांनी शोधायची, कारण तिला दिसत नव्हतं. सासूबाई डोळ्यांनी शोधायच्या. सुई सापडली की उशीत खोचायची आणि बोटांनी आकडा दाखवायचा. अठरा. एकोणीस. विसावी सापडेना. दोघींनी सगळी वाकळ बोटाबोटानं पालथी घातली. आई बायकोच्या केसांजवळ, सासूबाई तिच्या पायांशी. मी पलंगावरून काही करू शकत नव्हतो, श्वास रोखून मोजत होतो. शेवटी आईचा हात सासूबाईंच्या खांद्याला लागला आणि तिथंच थांबला. सुई त्यांच्याच पदरात खोचलेली होती. सकाळी ओवताना तिथं लावून विसरल्या होत्या.

दोघींनी तोंडावर पदर धरला. आवाज न करता हसताना आईचे खांदे गदगदत होते आणि सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग सासूबाईंचं हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर मांबलम स्टेशनवरून गाडी गेली. दोघी तशाच बसून राहिल्या.

बायको उठली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. ती दचकून म्हणाली, "कॉफी टाकायची राहिली."

"टाकलीया," आई म्हणाली. तिला पहिल्यांदाच स्वयंपाकघर मिळालं होतं. "पड अजून जरा."

बायको पडून राहिली. छताकडे बघत तिनं विचारलं, "आई, पाय येईल का हो ह्यांचा?"

"मला न्हाई ठावं, बाई," आई म्हणाली. "मला कळत असतं तर सांगितलं असतं."

बायकोनं मान हलवली. एवढ्या दिवसांत तिला सगळ्यांनी सगळं ठीक होईल असंच सांगितलं होतं. खरं उत्तर तिला आईनं दिलं. नंतर मी तिला विचारलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, उलट हलकं वाटलं, आपल्यासारखंच आणखी कुणालातरी माहीत नाही म्हणून.

पाय पूर्ण आला नाही. पाऊल अजून खाली पडतं, त्याला प्लास्टिकचा आधार लावून मी चालतो. आठ महिन्यांनी मी कामावर गेलो, आता उभं राहून तपासायचं काम नाही, टेबलावरचं आहे. पहिल्याच आठवड्यात एक कव्हर हातात आलं, शेवटचे तीन टाके वाकडे. नियमाप्रमाणे मी लाल पट्टी लावली. मग उठून ते शिवणाऱ्या बाईपाशी गेलो आणि विचारलं, आज काही दुखतंय का? तिनं चमकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मनगट. सोळा वर्षांत मी कुणाला हे विचारलं नव्हतं. तिची जागा आठवडाभर बदलून दिली.

नवी वाकळ उन्हाळ्याच्या शेवटी पुरी झाली. कुठले टाके आईचे, कुठले माझे, हे लांबूनही कळतं. माझ्या टाक्यांत पायाचं बोट अडकतं. एका कोपऱ्यात सासूबाईंचेही आहेत, मुंगीच्या पावलांसारखे, एका मापाचे. मशीनलाही जमणार नाहीत असे. त्यांना ते कुठून आलं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, लहानपणीं पोलक्यावर फुलें काढायचें शिकवलें होतें, तोच हात.

आई डोळ्याचं ऑपरेशन चेन्नईतच करून मग गावी गेली. जाताना तिनं सासूबाईंना म्हटलं, "दिवाळीला या." ते बोलण्यापुरतं असेल असं मला वाटलं. पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं. वयाची एकाहत्तर वर्षं त्या मराठी बोलत होत्या आणि महाराष्ट्र त्यांनी एकदाही बघितला नव्हता. दिवाळीला आम्ही तिघं गेलो. गाडीत सोलापूर जवळ यायला लागलं तसं त्या खिडकीपाशी बसून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायला लागल्या. भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिरातीसुद्धा. "सगळें आपलें," त्या बायकोला म्हणाल्या. "दुकानावरसुद्धा आपलें."

गावात आईच्या अंगणात चार बाया जमल्या. सासूबाई नऊवारी नेसून बसल्या होत्या, पण नेसण वेगळं, त्यामुळे आधी सगळ्यांनी निऱ्याच बघितल्या. मग त्या बोलायला लागल्या आणि बाया गप्प झाल्या. एकजण दुसरीच्या कानात म्हणाली, कीर्तनकार बाई हाय का? आईनं ठसक्यात सांगितलं, "माझ्या विहीणबाई. तंजावरच्या."

"त्ये कंच्या तालुक्यात आलं?" एका म्हातारीनं विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी काही सांगणार, एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "लांबचा तालुका आहे. यायला फार दिवस लागले." आणि म्हातारीच्या मांडीवरच्या अर्धवट वाकळीकडे वाकून बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही मधून कां सुरू केलेंत? कापड कडेला पळणार नाहीं?"

म्हातारी वर बघून म्हणाली, "आमच्यात मधनंच घेत्यात."

मग कडेनं की मधून, यावर अंधार पडेपर्यंत बोलणं चाललं.